पहिल्या पायरीचं विष

आमच्या टेबलाभोवती चार माणसं बसायची आणि त्यांतलं एक खरोखर विष अंगात घेत होतं. ते कोण, हे ओळखायला माझ्याइतकी सोयीची जागा दुसऱ्या कुणाची नव्हती, कारण लिहिणारी मी. सकाळी स्टोअरमधून किती डबे गेले, संध्याकाळी किती परत आले, हे मी लिहिते. कुणाचं रक्त कधी तपासायचं, त्याची यादी मी करते. शुक्रवारच्या खेळात कुणी कितीचा फासा टाकला, तेही मीच लिहायचे. तीन वह्या आणि एक पेन. तरी मी मनात खूण केली ती चुकीच्या माणसावर.

आमचं काम झुरळं, ढेकूण, वाळवी आणि उंदीर यांचा बंदोबस्त करायचं. पंपवाले चार, त्यांत काका सगळ्यांत जुने. व्हॅनवर ड्रायव्हर, पुढच्या खोलीत फोन घेणारी एक मुलगी, मागे स्टोअरला मी आणि काचेच्या केबिनमध्ये साहेब. इतक्या वर्षांत आमच्याकडे कुणी 'विष' म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. आम्ही औषध मारतो. औषध संपलं, औषध सांडलं, औषध जरा जास्त झालं. आपण बरे होतोय असंच झुरळांना शेवटपर्यंत वाटत असावं.

विष आलं ते खेळातून आणि खेळ आणला फोनवालीनं. दिवसभर ती लोकांची भीती ऐकते. "किती मोठं आहे म्हणता? बोटाएवढं? कुठल्या बोटाएवढं?" त्यामुळे राक्षस रंगवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शुक्रवारी पंप धुऊन उलटे वाळत घालतात, म्हणून जेवणाची सुट्टी लांबते. डबे आटोपले की ती माझ्या टेबलावर हातानं काढलेला भुयाराचा नकाशा पसरायची आणि मधोमध वीस बाजूंचा एक फासा ठेवायची. बाकीचे तिघे पंपवाले गोण्यांवर आडवे व्हायचे. खेळायला दोघेच, काका आणि ड्रायव्हर. मी हिशेबाला. प्रत्येकाला सुरुवातीला तीस जीव. किती गेले, किती उरले, हे मी मांडायचं.

प्रत्येकानं आपलं एक पात्र निवडायचं; ड्रायव्हरनं ढालकरी घेतला, कारण ढालीमागे उभं राहून बडबड करता येते. काकांनी तिरंदाज घेतला. कोपऱ्यातली वाळवी बघायची नजर असलेला माणूस, तो तिरंदाजच घेणार.

खेळाच्या पुस्तकात मांत्रिकांच्या पानावर एक मंत्र होता, विषफुंकर. पहिल्या पायरीचा. शिकाऊ पोराला सगळ्यांत आधी शिकवतात तो. तळहातावरून ओंजळभर हिरवा धूर फुंकायचा. गंमत अशी, की फुंकणाऱ्यानं फासा टाकायचाच नाही. टाकायचा तो ज्याच्यावर धूर जातो त्यानं. बारा किंवा वर पडला तर तो वाचला, खाली पडला तर एक ते सहा जीव गेले.

हे फोनवालीनं वाचून दाखवलं तेव्हा गोण्यांवरचे तिघेही उठून बसले.

"सहा जीव?" काका म्हणाले. "अगं, एवढ्यात ढेकूण मरायचा नाही."

"आणि हातमोजे?" एक जण म्हणाला. "तळहातावर घेऊन फुंकतोय येडा."

"वारा कुठल्या बाजूचा आहे ते विचारा की!" ड्रायव्हर म्हणाला. "आणि ताई, राक्षसाची सही कुठे घ्यायची? दोन तास खोली बंद ठेवीन म्हणून?"

फोनवाली बिचारी लाल झाली. "पहिल्या पायरीचा आहे हो काका. हळूहळू मारतो."

"हळूहळू म्हणतेस होय," काका म्हणाले, आणि हसायचे थांबले. "मग चालेल."

आणखी एक नियम आमचा घरचा होता, तो ड्रायव्हरच्या डोक्यातून निघालेला. त्याचं नाव खांदा. शेजारच्यानं तुमच्या खांद्यावर हात ठेवला, की तुमच्याऐवजी तो फासा टाकू शकतो. फोनवाली म्हणाली, असं मूळ नियमात नाही. ड्रायव्हर म्हणाला, "मूळ नियमात आमची व्हॅनपण नाही. तिला आम्ही दर सोमवारी खांदा देतो, तेव्हा ती सुरू होते." नियम मंजूर झाला.

आता काकांकडे येते. कारण मी त्यांच्याकडेच बघत बसले होते.

उन्हाळा संपता संपता काकांचा तिरंदाज एका पुलावरून पडून मेला. उडी मारायला सांगितली कुणी नव्हती, त्यांनीच मारली. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मांत्रिक घेतला. मांत्रिकाकडे तसे आणखी चार मंत्र होते, आगीचे, विजेचे. काका ते वापरायचेच नाहीत. पाळी आली की एकच. "विषफुंकर." पुढची पाळी, "विषफुंकर." फोनवाली वैतागली. "काका, वीज टाका ना एकदा! दुप्पट जीव जातात." काका म्हणायचे, "आपलं हे बरं आहे. हळूहळू."

माणसं का बदलली हे मला कळत नाही, पण आकडे बदलले की कळतं. वही उलटून पाहिली. अकरा शुक्रवार. अकरा शुक्रवारांत काकांनी एकदाही फासा हातात घेतला नव्हता. ज्या मंत्राला स्वतः फासा टाकावा लागत नाही तो एकच मंत्र त्यांनी धरून ठेवला होता, आणि त्यांच्यावर कुणी चाल केली की ते ड्रायव्हरकडे बघायचे आणि ड्रायव्हर खांद्यावर हात ठेवायचा.

मग मी त्यांचा उजवा हात बघायला लागले. तो टेबलाखाली असायचा. चहाचा कप डाव्या हातानं. सकाळी स्टोअरच्या खिडकीवर सही करायची तर म्हणायचे, "ताई, तूच कर, माझे हात ओले आहेत." एकदा मी म्हटलं, "काका, रोज रोज तुमचे हात ओलेच कसे?" तर म्हणाले, "तुझी वही कोरडी आहे ना? झालं तर मग."

आमच्या धंद्यात हात थरथरणं म्हणजे काय, ते कुणी सांगावं लागत नाही. म्हणूनच दर दोन महिन्यांनी पंपवाल्यांचं रक्त जातं. औषध अंगात मुरलं की रक्तातला एक आकडा उतरतो. शंभर म्हणजे उत्तम, साठच्या खाली गेला की त्या माणसाचा पंप काढून घेतात. मग तो गेटवर बसतो. काकांच्या आधी जो जुना पंपवाला होता त्याला असाच गेटवर बसवलेला. आल्यागेल्याचं नाव लिहायचं आणि फाटक ओढायचं. काका एकदा म्हणाले होते, "सहा महिन्यांत त्या माणसाची खुर्ची झाली. त्याच्यावर कुणी डबा ठेवला असता तरी तो काही बोलला नसता." काकांना विषाचं भय नव्हतं. त्या खुर्चीचं होतं.

सगळं कळून मी काय केलं? मूग गिळले. मला वाटलं, माझं काम लिहायचं, बोलायचं नाही. शिवाय रक्त आहेच की, ते आपलं आपण बोलेल.

रक्ताच्या दिवशी ड्रायव्हर चौघांना व्हॅनमधून दवाखान्यात घेऊन गेला. तिथली नर्स माझी यादी हातात धरून नावं पुकारते, खूण करते, चेहरा बघत नाही. दिवसाला दीडशे दंड बघणाऱ्या बाईनं चेहरे कशाला बघायचे? अकराला व्हॅन परत आली. ड्रायव्हर खिडकीवर आला तो डाव्या कोपरावर चिकटपट्टी लावून.

"हे काय? कुणाला रक्त दिलंस?" मी विचारलं.

"डास चावला ताई."

"डासानं पट्टीपण लावली?"

"शिकलेला डास होता. आपल्याकडून उपाशी गेलेला, दवाखान्यात नोकरीला लागला."

हसले मी. आणि सवयीनं, हाताला चाळा म्हणून, खेळाच्या वहीच्या कोपऱ्यात लिहिलं, 'ड्रायव्हर, डावा कोपर, पट्टी'. लिहून ठेवलं की मला वाटतं आपण काहीतरी केलं.

त्याच दिवसांत आणखी एक होतं, जे मी कुठल्याच वहीत लिहिलं नाही. ड्रायव्हरला दिवे मंद वाटायचे. खेळताना कागद तो डोळ्यापाशी नेऊन खिडकीकडे धरायचा. "साहेबांनी बल्ब बदलले का हो? हल्ली सगळीकडे संध्याकाळ वाटते." घाम फार यायचा, दुपारचं डोकं दुखायचं, डबा अर्धा परत जायचा. फोनवाली चिडवायची, "बायकोचा स्वयंपाक आवडत नाही का?" तो म्हणायचा, "घरी बारसं व्हायचंय. ओकाऱ्या तिला व्हायला हव्यात, होतात मला. एवढा जीव आहे बघा आमचा एकमेकांवर." आम्ही सगळे खो खो हसायचो. ड्रायव्हर कधी पंपाला हातच लावत नव्हता. त्याच्याबद्दल काय लिहायचं?

पुढल्या शुक्रवारी सकाळी रिपोर्ट आले. पाकिटं मीच उघडते. तिघांचे नेहमीसारखे. काकांचा चोपन्न.

फाइलमध्ये त्यांचे मागचे सगळे आकडे होते. एक्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, नव्वद. आणि आता चोपन्न. मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला बोलू, जरा समाधानही वाटलं. बघा, माझी वही चुकली नव्हती. मी रिपोर्ट केबिनमध्ये नेऊन दिला. साहेबांनी काकांना बोलावलं. दोन मिनिटांत काका बाहेर आले. सोमवारपासून गेट.

दुपारी डबे उघडले, पण जेवलं कुणी नाही. फोनवाली म्हणाली, "आज नको खेळायला."

"का? मेलोय का मी?" काका म्हणाले. "मांड. सोमवारपासून ही सुट्टीपण नाही मिळणार. फाटक कोण ओढणार?"

तिनं मांडलं. भुयारात एक बंद कोठडी होती, आत साखळीला बांधलेला पहारेकरी. ढालकरी सामानाची पोती घेऊन दाराशी मागे उभा, मांत्रिक पुढे.

"विषफुंकर," काका म्हणाले. आवाज असा, की गोण्यांवरचं घोरणं थांबलं.

फोनवालीनं पहारेकऱ्याच्या वतीनं फासा टाकला. सात. त्याचे पाच जीव गेले. मी लिहिले. मग ती नकाशाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आता ढालकऱ्यानंही टाकायचा."

"मी? मी का?" ड्रायव्हर म्हणाला. "मी मागे उभा आहे. मी तर मंत्राला हातपण लावला नाही!"

"कोठडी बंद आहे. धूर जाणार कुठे?"

"अगं पण मी नुसतं सामान घेऊन—"

"बंद खोलीत पुढे काय आणि मागे काय," ती म्हणाली. तिची बाजू नियमाची होती, म्हणून आवाज चढलेला. "उलट तू जास्त वेळ आत आहेस."

"बरं बाई, तू देव." तो काकांकडे वळला. "काका, खांदा द्या. त्या दिवशी दवाखान्यात मी दिला, आज तुमची पाळी."

बोलला आणि जीभ चावली.

काकांनी डोळे मिटून घेतले. फोनवालीला काही कळलं नाही. मला कळलं. वहीच्या कोपऱ्यात माझंच अक्षर होतं. डावा कोपर, पट्टी.

"काकांच्या नावावर रक्त तू दिलंस," मी म्हणाले.

"हळू बोला ताई," ड्रायव्हर म्हणाला. "त्यांचा हात बघितलात ना तुम्ही? पंप गेला असता. म्हटलं आपलं रक्त स्वच्छ, आपण कुठे औषधात हात घालतो? आणि बघा नशीब, यंत्रच बिघडलेलं त्यांचं! स्वच्छ रक्त देऊन चोपन्न आला."

"यंत्र नाही रे," काका म्हणाले. "खोटं बोललं की असंच होतं. नाव माझं होतं ना? माझंच निघालं त्यात."

मी सांगते, पस्तीस वर्षं औषधाचं प्रमाण थेंबाथेंबानं मोजणारा माणूस हे बोलला. कागदावर आपलं नाव आणि खाली पडलेला आकडा बघितला, आणि सकाळपासून तो हेच धरून बसला होता, की हा आपलाच. रक्त कुणाच्या दंडातून निघालं, हा विचारच त्याच्या मनाला शिवला नव्हता. भीती पक्की असली की माणूस दुसऱ्याचाही आकडा आपल्या खात्यावर घेतो.

"काका," मी म्हणाले, "आकडा नावाचा नसतो. रक्ताचा असतो."

 खिडकीबाहेर उलटे टांगलेले पंप ठिबकत होते.

"मी नुसती गाडी चालवतो," ड्रायव्हर म्हणाला. हसत होता अजून, पण तोंडानंच. "नुसती गाडी चालवून कुणाला काय होतं?"

"डबे कुठे असतात?" काकांनी विचारलं.

"कुठले?"

"अर्धे उरलेले. संध्याकाळी परत आणतोस ते."

"माझ्या सीटच्या मागे. ताईंना खिडकीतूनच देता येतात ना, मागचं दार उघडावं लागत नाही."

"आणि काचा?"

"एसी असतो काका. एवढ्या उकाड्यात काचा कोण उघडतं?"

काका उठले. त्यांनी ड्रायव्हरची हनुवटी धरून त्याचं तोंड स्टोअरच्या आतल्या बाजूला, अंधाराकडे वळवलं. अंधारात डोळ्याची बाहुली मोठी व्हायला हवी, औषध मुरलं की होत नाही. नव्या पंपवाल्याला काका पहिल्या दिवशी हेच शिकवायचे. हात नंतर बघा, आधी बाहुली बघा. ड्रायव्हरच्या बाहुल्या मोहरीच्या दाण्याएवढ्या होत्या. तशाच राहिल्या.

"दिवे मंद नाहीत लेका," काका म्हणाले. उजवा हात त्याच्या गालाशी लटलट कापत होता आणि तो लपवायचं त्यांना सुचलंही नाही. "झाकण कुठल्या तरी डब्याचं गळतंय. किती दिवस?"

"मला काय माहीत? वास तर सगळीकडेच येतो आपल्याकडे."

"साहेबांना सांगू या."

"वेड लागलंय?" ड्रायव्हर ताडकन उभा राहिला. "काय सांगाल? खोटं रक्त दिलं म्हणून? तुम्हाला गेट दिलंच आहे, मला दार दाखवतील. आणि डोळ्यांचं कळलं की लायसन्सपण जाईल. घरी तीन महिन्यांत पोर येतंय काका! होईल बरं, काचा उघड्या ठेवीन. काकांचा पंप गेलाच आहे, आता गप्प बसलं की मिटलं. ताई, तुम्ही तरी सांगा."

माझ्याकडे सगळे बघत होते.  मला एक चिठ्ठी आठवत होती.

फोनवाली मात्र पोरवयाची, तिनं भलतंच केलं. फासा उचलून काकांपुढे धरला. म्हणाली, "तो खांदा मागतोय. द्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा."

काकांनी फासा घेतला. इतक्या शुक्रवारांनंतर, उजव्या हातात. तो हात आम्ही सगळ्यांनी उघड्यावर पाहिला. फासा टाकला असं म्हणता येणार नाही, सुटला. टेबलाच्या कडेला आपटून रॅकखाली गेला. कुणी वाकून बघितलं नाही. काका त्याआधीच चालू लागले होते, केबिनच्या दिशेनं.

काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. साहेब आधी बसलेले, मग उभे राहिलेले. काकांनी हात पुढे केला, दाखवायला. मग आमच्या दिशेनं बोट केलं.

ड्रायव्हरला दवाखान्यात न्यायचं ठरलं आणि मग लक्षात आलं, की व्हॅन चालवणारा एकच माणूस आहे, तोच पेशंट. "मीच नेतो मला," असं तो खरंच म्हणाला. शेवटी फोनवालीनं त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवलं. जाताना ओरडून सांगत होता, "हिला ब्रेक मारता येत नाही हो, विषानं मेलो नाही तर हिच्या हातानं मरेन!" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

त्या गडबडीत साहेब व्हॅन बघायला यायच्या आधी मी व्हॅनपाशी गेले. दार उघडताच वास आला, आणि तो नेहमीचाच वास होता, हेच वाईट. समोर स्टिअरिंगच्या वर टेपनं लावलेली चिठ्ठी. 'उरलेले डबे ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवावेत, मागे ठेवू नयेत. स्टोअर.' अक्षर माझं. दोन वर्षांपूर्वी लावलेली. मागचं दार उघडून डबे शोधण्यात संध्याकाळी माझी वीस मिनिटं जायची आणि मोजणी चुकायची. डबे पुढे आल्यापासून माझी मोजणी एकदाही चुकलेली नाही.

चिठ्ठी मी काढली, घडी घातली आणि पेनाच्या डबीत ठेवली.

त्याचं रक्त त्याच्या स्वतःच्या नावावर गेलं तेव्हा एकोणपन्नास आलं. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन महिने असेच गेले असते तर रस्त्यातच काहीतरी झालं असतं, गाडीसकट. भरून येईल म्हणाले, हळूहळू. डोळ्यांचं आत्ताच सांगता येणार नाही.

काकांचंही रक्त घेतलं, खरं. सत्त्याऐंशी. औषधाचा काही दोष नाही. हात कापतो तो नसांचा आजार, घराण्यात असतो, वडिलांचाही कापायचा म्हणे. काका इतके दिवस ज्याच्या भीतीनं हात लपवत होते ते त्यांच्या अंगात नव्हतंच. पण कापत्या हातात पंप कोण देणार? त्यामुळे व्हायचं तेच झालं. ड्रायव्हरचीही गाडी काढून घेतली, म्हणून गेटवर खुर्ची एक आणि माणसं दोन. साहेबांनी ड्रायव्हरला काढलं नाही अजून. "खोटं रक्त दिलं, त्याचं बघू," एवढंच म्हणालेत. आणि चौकशी चालवली आहे, डबे पुढे ठेवायला कुणी सांगितलं. पंपवाले म्हणतात माहीत नाही. खरंच माहीत नाही त्यांना, ते मागे बसतात. ड्रायव्हर म्हणतो, पहिल्यापासून तसंच आहे.

नऊ दिवस चिठ्ठी पेनाच्या डबीत होती. रोज डबी उघडायची, पेन काढायचं, डबी बंद करायची. स्वतःला सांगत होते, आता सांगून कुणाचा आकडा वाढणार आहे?

दहाव्या दिवशी चहाच्या वेळी गेटवर गेले. काका खुर्चीवर, ड्रायव्हर उपड्या बादलीवर. चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्यानं ती डोळ्यांपाशी नेली, मग उजेडाकडे धरली. भर दुपार होती. चार ओळी वाचायला त्याला इतका वेळ लागला, की मला पळून जावंसं वाटलं.

"अक्षर छान आहे ताई तुमचं," तो म्हणाला.

"मी मोजणीसाठी..." मी सुरू केलं आणि थांबले. ऐकायला कसं वाटतं ते माझं मलाच ऐकू आलं.

"म्हणजे मंत्र तुमचा," तो म्हणाला. हसला. पण काकांकडे बघून हसला, माझ्याकडे बघितलं नाही. "आणि फासा टाकायचा आम्ही."

 काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कापणारा.

"ते पहारेकऱ्याचं काय झालं हो?" ड्रायव्हरनं विचारलं. "पाच जीव गेले होते ना त्याचे?"

"पाच," मी म्हणाले. "लिहिलेत."

"आणि माझे?"

"तुझा फासा रॅकखाली आहे. कुणी बघितला नाही."

"राहू द्या तिथेच," तो म्हणाला आणि चिठ्ठी मला परत दिली.

स्टोअरमध्ये येऊन मी पुढच्या महिन्याची रक्ताची यादी काढली. चार पंपवाल्यांखाली ड्रायव्हरचं नाव घातलं. त्याच्याखाली, नऊ वर्षं ज्या खिडकीशी ते डबे माझ्या नाकासमोर ठेवले जातात त्या खिडकीचं, म्हणजे माझं. यादी मीच करत होते, तरी आजवर सुचलं नव्हतं.

मग यादी आणि चिठ्ठी घेऊन केबिनकडे निघाले. अर्ध्यातून परत आले आणि कागदाला भोकं पाडायचं यंत्रही घेतलं, चिठ्ठी फाइलीत लावायला. चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर सुटी ठेवली असती तर मी मला ओळखून आहे, संध्याकाळी ती पुन्हा डबीत आली असती.